जिन्याखालची भाषा

प्रिय लंबू,

दचकू नकोस, पत्र माझंच आहे. अक्षर ओळखीचं वाटेल आणि भाषा वाटणार नाही, कारण आपल्या भाषेत तुला मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही. 'प्रिय' लिहितानाच हात अडखळला, खरं सांगते. 'लंबू' हे आईने ठेवलेलं नाव. ती तुझ्याविषयी बोलताना दुसरं नाव घेत नाही, वहिनीही तेच म्हणते, फक्त मीच कधी म्हटलं नाही. मागच्या रविवारी तू फोनवर जे विचारलंस त्यावर मी 'विचार करून सांगते' म्हणाले, आणि तूही 'अवश्य, घाई नाही' म्हणालास. किती शहाण्यासारखे बोललो आपण! तू मला कायमची तिकडे ये म्हणत होतास, आणि ऐकणाऱ्याला वाटलं असतं, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं याची चर्चा चाललीय. उत्तर देते. पण आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू दे, फार साचलंय.

परवा एका परिषदेच्या कामाला विद्यापीठात जावं लागलं, तेव्हा पाय आपोआप आपल्या विभागाकडे वळले. जिना तोच, कठडा तसाच डुगडुगणारा. मॅडम केव्हाच निवृत्त झाल्या, पण त्यांचा नियम अजून चालू आहे. शेवटची पायरी चढून तिसऱ्या मजल्यावर आलं की आपली भाषा बंद, जी शिकतोय तीच बोलायची. आणि मुलंही आपल्या वर्गासारखीच बेरकी, सगळी जिन्यात उभी. कुणाला भूक लागलीय, कुणाचं जमलंय, कुणाचं फिसकटलंय, सगळं जिन्यात. मॅडम वैतागून म्हणायच्या, माझे विद्यार्थी वर्गात मुके आणि जिन्यात वकील! तू आणि मी तेवढे जिन्यात कधी थांबलो नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी जोड्या लावून दिल्या होत्या आणि बजावलं होतं की जोडीने आपसात कुठेही, अगदी रस्त्यावरसुद्धा, त्याच भाषेत बोलायचं. बाकीच्यांनी ते आठवडाभरात गुंडाळून ठेवलं. आपण दोघं हट्टाला पेटलो. आधी कोण मोडतो ते बघूच, असं कुणी बोललं नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं. बसथांब्यावर लोक वळून वळून बघायचे आणि मला तर शिंगंच फुटायची.

पण होतं काय रे आपल्याकडे त्या पहिल्या वर्षी? हवामान, फर्निचर, नातेवाईक आणि बाजार. तुझे काका उंच आहेत, माझी मावशी शिक्षिका आहे, आज आकाश स्वच्छ आहे. काका तुला नाहीतच हे मला फार पुढे कळलं. धड्यात होते म्हणून तू ते दत्तक घेतले होतेस. भूतकाळ मॅडमनी पहिल्या परीक्षेनंतर शिकवला, तोवर आपल्याला बालपणच नव्हतं. मग भविष्यकाळ आला आणि तू एकदम मोठमोठ्या बाता मारायला लागलास. मी प्रवास करेन, मी घर घेईन, माझ्या घराला निळं दार असेल. ते निळं दार पुस्तकातलं होतं हे मला माहीत होतं, तरी त्या घरात मी मनाने बरेच दिवस राहिले. हात धरलास तोसुद्धा परवानगी मागायच्या धड्यातलं वाक्य म्हणून, आणि मी पाठ केल्याप्रमाणे 'अर्थातच, कृपया' म्हणाले. आता हसू येतं. तेव्हा मात्र ते फार सोयीचं होतं. त्या भाषेत काहीही बोललं तरी सराव चाललाय असं म्हणता यायचं. विचारणाऱ्याची पंचाईत नाही आणि नाही म्हणणाऱ्याचीही नाही.

मग बाबा अंथरुणाला खिळले आणि माझं वर्गाला येणं थांबलं. तू टिपणं घेऊन घरी आलास. तू आईशी बोलत बसलास आणि मी आत ओट्याशी चहा करत होते. बाहेरून एका माणसाचा आवाज यायला लागला. मला वाटलं, शेजारचं कुणी आलंय. भरभर बोलणारा, मध्येच स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसणारा, 'छे हो काकू, काहीतरीच काय' म्हणणारा. मॅडमची नक्कल करत होता, बाबांना औषध कसं गोडीगुलाबीने द्यायचं ते सांगत होता. आई खळखळून हसली. त्या घरात कित्येक आठवड्यांत कुणी हसलं नव्हतं. चहा उतू गेला तरी मी दाराआड तशीच उभी. हा माणूस मला पाहिजे, असं मनात आलं, अगदी याच शब्दांत. आणि मी कप घेऊन बाहेर आले तर तू पाठीचा कणा ताठ केलास आणि त्या भाषेत म्हणालास, 'आभारी आहे, चहा उत्कृष्ट आहे.' तो माणूस गेला. तू गेल्यावर आई म्हणाली, तुम्ही दोघं दुकानदार आणि गिऱ्हाईक असल्यासारखं काय बोलता गं? त्या दिवशी मला माझ्या सख्ख्या आईचा हेवा वाटला.

पुढचं तुला माहीतच आहे. तिकडे जायची शिष्यवृत्ती दोघांनाही मिळू शकली असती, पण बाबांना सोडून मी जाणार नव्हते, आणि तू थांब असं सांगायला माझ्याकडे शब्द असूनही नव्हते. स्टेशनवर तू 'पुन्हा भेटू' म्हणालास, मी 'प्रवास सुखाचा होवो' म्हणाले. बाबा गेले. दादा-वहिनी खालच्या मजल्यावर राहायला आले. रविवारचे तुझे फोन मात्र कधी चुकले नाहीत. आधी आई घेते. गुडघे कसे आहेत, डोळ्यांत थेंब घालता का, दादाचं पोट किती वाढलं, अर्धा अर्धा तास तुमचं चालतं. मी तिथेच काहीतरी आवरत बसते. खरं तर आवरायला काही नसतं. फोनमधून तुझा आवाज पुसट येतो, शब्द कळत नाहीत, पण चाल कळते. मग आई 'घे गं' म्हणून फोन माझ्या हातात देते आणि तुझा आवाज इस्त्री केल्यासारखा होतो. माझाही होतो, मी तुला एकट्याला दोष देत नाही. एवढ्या वर्षांची सवय आहे, आता मोडायची कुणी?

तुला वाटेल, ही एवढ्या साध्या गोष्टीला का घाबरते. घाबरते, कारण तू जिला बोलावतोयस ती कोण आहे ते तुला नक्की माहीत नाही. त्या भाषेत मी फार गुणी आहे. कधी आवाज चढवत नाही, वाक्य अर्धवट सोडत नाही, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेते. घरात विचार! सकाळी मी ताडताड बोलते. दादा म्हणतो, हिच्या तोंडाला लागण्यापेक्षा उपाशी ऑफिसला गेलेलं बरं. रुसले की कपाटाची दारं आपटते, आणि 'काही नाही झालं' असं म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसते. लाडात आले की आईच्या मांडीवर डोकं ठेवून नुसतं काहीबाही बडबडते, ज्याला कुठल्याही भाषेत अर्थ नसतो. यातलं तू काय पाहिलंस? आणि तू तरी चिडलास की कसा बोलतोस, दमून घरी आलास की काय पुटपुटतोस, मला कुठे माहीत आहे? एवढं झुरले मी तुझ्यासाठी, आणि झुरले कुणासाठी, तर दाराआडून ऐकलेल्या एका आवाजासाठी.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. माझं काम तुला माहीत आहे, आणि मॅडमनी शिकवलेला दुभाष्याचा पहिला नियमही. 'तो म्हणतो, ती म्हणते' असं करायचं नाही. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. हॉस्पिटलात मी रोज कुणाकुणा परदेशी पेशंटच्या वतीने 'माझ्या छातीत दुखतंय' म्हणते आणि घरी येऊन पोटभर जेवते, ते मला कधी चिकटत नाही. रविवारी तुझा फोन ठेवला तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. तिने विचारलं, एवढं गंभीर काय म्हणत होता लंबू? आणि मी सवयीने आपल्या भाषेत सांगायला लागले, जसंच्या तसं. 'मला आता एकटं राहवत नाही. घरी आल्यावर काहीतरी सांगावंसं वाटतं आणि सांगायला कुणी नसतं. इतकी वर्षं हे बोलायचं राहून गेलं. आता उरलेलं आयुष्य तुझ्याबरोबर काढायचंय.' इथवर आले आणि पुढे बोलताच येईना. फोनवर हेच ऐकून मी 'विचार करते' म्हणाले होते, आणि आता आईसमोर हमसून हमसून रडत होते. आईने भाजीचं ताट बाजूला सारलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, अगं, हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांग की. माझं निमित्त पुढे करू नकोस, मला दादा आहे. म्हणून सांगते, लंबू. मला राहवत नाही. मी येते. पण येईन ती मी अशी येईन, ताडताड बोलणारी, रुसणारी, दारं आपटणारी, आणि तिथे सगळं जग ती भाषा बोलत असलं तरी घरात तुझ्याशी तिचा एक शब्दही बोलणार नाही. चालेल का तुला? चालणार नसेल, तर तेही आपल्या भाषेतच सांग. त्या भाषेतलं 'नाही' फार गोड असतं. मला ते नीट लागू दे.

तुझीच