कोरड्या मुलखातली पिकअप

३ फेब्रुवारी, सोमवार
बायकोच्या, आशाच्या नर्सरीला पहिली मोठी ऑर्डर. सिन्नरचं नवं लग्नाचं लॉन्स. गुलाब, क्रोटन, पाम मिळून दोनशे कुंड्या. माल २१ तारखेला पोचला नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. आशा म्हणाली, भाड्याचा टेम्पो सांगते. मी असताना भाड्याचा टेम्पो? जुनी पिकअप घेऊ म्हणालो, शोध माझ्याकडे. ती उठून कुंड्यांना पाणी घालायला गेली. संमती.

४ फेब्रुवारी
दिवसभर व्हिडिओ पाहिले. जुन्या गाडीचा शत्रू एकच, गंज. गंज येतो पावसाने. म्हणून जिल्ह्याचा नकाशा घेऊन मधोमध रेघ मारली. पश्चिम बाद: पेठ, सुरगाणा, इगतपुरी. पूर्व पास: मनमाड, येवला, मालेगाव. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

५ फेब्रुवारी
मेव्हण्याचा, नवनाथचा, पेठहून फोन. शेजाऱ्याची पिकअप विकायची आहे म्हणे. दाजी, एक नंबर गाडी हाय, बघून तरी जा. मी विचारलं, पाऊस किती तुमच्याकडे? म्हणाला, लय. विषय संपला. सासरकडे शास्त्रीय दृष्टी नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
मनमाड. गंजाच्या भोकात पुट्टी भरून वर रंग मारतात, तिथे चुंबक चिकटत नाही. म्हणून फ्रीजवरचं आंब्याचं चुंबक नेलं. पहिल्या गाडीच्या दारावरून आंबा घसरून खाली पडला. मालक म्हणाला, तुमचं चुंबकच म्हातारं झालंय. दुसऱ्या गाडीला दारच नव्हतं. येताना एसटी चुकली. अभ्यासात असं होतंच.

१२ फेब्रुवारी
मालेगाव. सापडली! मालक भिकनशेठ. पांढरा शुभ्र रंग, इतका ताजा की बोटाला लागला. म्हणजे माणूस गाडीला जपतो. आंबा मागच्या हौद्यात जिथे लावला तिथे टपकन चिकटला. भिकनशेठ म्हणाले, आमनाकडे पाऊसच नही शे, गंज कशाचा? अगदी माझाच सिद्धांत. बारा वर्षं गाडीने फक्त मीठ वाहिलं. व्यवहार केला.
नवनाथला फोनवर सांगितलं. मीठ? दाजी! एवढंच बोलला. मिठात लोणचं वर्षभर टिकतं, हे यांना कोण सांगणार.
आशाने विचारलं, खाली वाकून पाहिलं का? शर्ट नवा होता.

१५ फेब्रुवारी
हौदा धुतला. ओतलेलं पाणी मागच्या फळीकडे आलंच नाही, सगळं खालून गेलं. निचरा उत्तम. आशा उभी राहून बघत होती. मग आत जाऊन फोनवर नवनाथशी हळू आवाजात बोलली. नवऱ्याचं कौतुक त्याच्या तोंडावर करत नाहीत.

२० फेब्रुवारी
हौद्याच्या मधोमध रंग निघाला. खाली अक्षरं: शुद्ध शेंगदाणा तेल. तेलाचा डबा कापून, ठोकून बसवलेला दिसतो. चुंबक चिकटणारच, पत्राच तो. पुन्हा लावून पाहिलं. चिकटलं. शिवाय तेल मुरलेला पत्रा गंजत नाही. आशाला सांगितलं नाही, उद्या तिची धावपळ.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी निघालो. गाडी मी चालवत होतो, शेजारी आशा. मोहदरी घाटात एक मोटरसायकलवाला सारखा हॉर्न देत होता. मी पुढे जा म्हणून हात दाखवला. तो बरोबरीला येऊन ओरडला, काका, रस्त्याला झाडं लावत चाललात का?
आरशात पाहिलं. हायवेवर ओळीने गुलाब.
हौद्याच्या मधोमध आरपार भोक. आशा उतरली. ओढणी कमरेला बांधून कुंड्या गोळा करायला लागली. मग एक मोडका गुलाब मांडीवर घेऊन कडेला बसली. कित्येक महिने तिने त्या रोपांना पोरांसारखं जपलं होतं. मला फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.
तेवढ्यात मागून एक पिकअप येऊन थांबली. नवनाथ. गाडी तीच, शेजाऱ्याची. आशाने त्याला मखमलाबादच्या आमच्या नर्सरीपासून मागे मागे यायला सांगून ठेवलं होतं. जादा कुंड्याही त्याच्याकडेच. कधीपासून विचारलं, तर म्हणाली, हौदा धुतलास तेव्हापासून.
केबिनमध्ये बहीण-भाऊ. मी मागे, पाम धरून. वाटेत तळ बारकाईने पाहिला. गंज नाही. दरवर्षी पावसाआधी खालून जळकं ऑइल फासतात म्हणे. लॉन्सवाल्याने माल घेतला.

२२ फेब्रुवारी
आशाने पेठची गाडी ठरवली. स्वतःच. मला विचारलं नाही, नकाशावरची रेघ पुसलीस का, एवढंच विचारलं. पेठ हा अपवाद मानावा लागेल.
संध्याकाळी लॉन्सवाल्याच्या दुसऱ्या ऑर्डरची चिठ्ठी आली. ती फ्रीजवर लावायची म्हणून आशा आंबा शोधत होती. आंबा तेलाच्या पत्र्याला चिकटलेला होता, आणि तो पत्रा मोहदरी घाटात पडला.
ऑर्डर मी हातात धरून उभा आहे. ती चिकटपट्टी आणायला गेली आहे.