गुणाबाईचा पाहुणचार

निपाणी,
९ मार्च १९४३

प्रिय मार्तंड,

खुशाली विचारत नाही. सरकारी मोटारीतून फिरणाऱ्याची तब्येत चांगलीच असणार. इकडे तंबाखूच्या वखारी बंद आहेत, ज्वारी दुकानातून दिसेनाशी झाली आहे. तुमच्या मदतखात्याच्या शहाणपणाचं मात्र यंदा उत्तम पीक आलं आहे.

मागच्या आठवड्यात तू आमच्या मागच्या गल्लीत गुणाबाईचं घर तपासून गेलास. वखारीत मजुरी करणारी विधवा, पदरी तीन मुलं. ती खरोखर निराधार आहे का, तिला सरकारी ज्वारी द्यावी का, हे तुला ठरवायचं होतं. सख्ख्या बहिणीच्या घरी डोकवायला सवड झाली नाही, ते बरंच झालं.

साहेब येणार म्हटल्यावर त्या वेडीनं घर सारवलं. शेजारच्या शालूबाईचं जाजम मागून आणलं, कुणाचा पितळी तांब्या, कुणाच्या कपबश्या. धाकट्यासाठी कुणी दिलेलं वाटीभर दूध तुझ्या चहात घातलं. आपल्या आईनं तरी दुसरं काय केलं असतं? तू जाजमावर बसलास, चहा प्यालास, आणखी एक कप मागितलास आणि शेरा मारलास, घर सुस्थितीत, मदतीची गरज नाही. चुलीत राख आहे की नाही ते पाहायला वाकावं लागलं असतं. विजारीची इस्त्री मोडली असती.

मी तिला झापलं. पुन्हा अर्ज कर, या खेपेला केस विस्कटून बस, मुलांना उघडं ठेव, पाणीसुद्धा विचारू नकोस, हे मी, बी. ए. झालेल्या बाईनं, तिला शिकवलं. तुमच्या खात्यानं मला एवढ्या थराला आणलं. तर म्हणते, "दारात आल्याल्याला पाणी न्हाय द्यायचं व्हय, बाई? आन् त्यो तर तुमचा भाऊ! लई मायेनं च्या प्याला." मायेनं! तिला अजून वाटतं, चहा बिघडला म्हणून ज्वारी हुकली. "साखर न्हवती, गूळ घातलाता," म्हणून हळहळते. धाकटा आता रडतही नाही, नुसता पडून असतो. मी भाकऱ्या धाडते, पण माझंही पोतं तळाला गेलं आहे.

एम. ए.ला पहिला आलास तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले होते. कसल्या आनंदाचे, ते आता मला आठवत नाही.

हे सगळं मी काल कलेक्टरसाहेबांना लिहून पाठवलं, तुझ्या नावानिशी. सही करताना माहेरचं आडनावही घातलं, म्हणजे तक्रार करणारी तुझी कोण, हे त्यांना विचारत बसावं लागणार नाही. चौकशी लागण्याआधी तुला कळवावं, एवढ्यासाठी हे पत्र. माझी समजूत घालायला येऊ नकोस, बायकोला रडायला पाठवू नकोस. पाठवायचीच असेल तर ज्वारी पाठव.

तुझीच, नाइलाजानं,
आक्का