सोसायटीतले पेंग्विन

बाई,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. जूनमध्ये एका सोसायटीच्या आवारातल्या रेन ट्रीवर रातबगळ्यांनी घरटी बांधली.
२. घाण आणि वास सहन होईना, म्हणून सोसायटीने झाड छाटायचं ठरवलं. घरट्यांत पिल्लं होती.
३. छाटणीच्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुर्बिणीतून पक्षी पाहिले आणि ते पेंग्विन असल्याचं जाहीर केलं.
४. मी त्यांना दुरुस्त केलं नाही.
५. छाटणी रद्द झाली. पिल्लं उडाली.

मला विचारायचं आहे ते चौथ्या मुद्द्याबद्दल.

तुम्ही सुरू केलेली पक्षिनिरीक्षण संस्थेची पनवेल शाखा आता मी चालवते. तुम्ही गेल्यानंतर दोघांनी आळीपाळीने सांभाळली. एक पुण्याला गेले, दुसऱ्यांचे गुडघे गेले, आणि बैठकीला वेळेवर येणारी मी एकटीच होते म्हणून माझ्याकडे आली. शाखाप्रमुख म्हणून ओळख करून दिली की लोक सावधपणे विचारतात, कुठल्या पक्षाच्या? नोकरी तळोज्यालाच आहे, कारखान्यातली दाबाची आणि तापमानाची मापकं तपासण्याची. काटा चुकीचा दिसला की तो बरोबर करायचा, एवढंच काम. मला ते आवडतं. तुम्हाला मात्र माझ्या या सवयीची काळजी वाटायची.

तुमच्या स्वयंपाकघरातला तो दिवस मला नीट आठवतो. आपण उरणच्या बाजूला खाडीवर पक्षी दाखवायला लोकांना घेऊन गेलो होतो. तुमचा नियम ठरलेला होता: पक्षी दिसला की जो सगळ्यात नवा असेल त्याने नाव सांगायचं, चुकलं तरी चालेल, आणि जाणत्यांनी गप्प बसायचं. त्या दिवशी बँकेतले एक गृहस्थ पहिल्यांदाच आले होते. ढोकरी बगळ्याकडे बोट करून ते म्हणाले, "करकोच्याचं पिल्लू." मी तिथल्या तिथे करकोचा आणि ढोकरी यांतले पाच फरक सांगितले. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि नंतर कधीच आले नाहीत. संध्याकाळी तुम्ही चहा टाकलाय, आलं किसताय, माझ्याकडे पाठ आहे. "अगं, तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा बगळ्याकडे नीट बघत होता. तू लगेच त्याचा पेपर तपासायला घेतलास." मी म्हणाले, पण बाई, ते चूक होतं. तुम्ही म्हणालात, "असू दे की चार दिवस. पुन्हा आला असता तर त्याला स्वतःलाच कळलं असतं." मग फळीवरून लिमलेटच्या गोळ्यांची बरणी काढून अख्खी माझ्या हातात दिलीत. "कुणी चुकलं की एक तोंडात टाकायची. विरघळेपर्यंत बोलायचं नाही." मला राग आला होता. बरणी मात्र घेऊन गेले. दात किडायची भीती सोडली तर उपाय चांगला आहे. अजून वापरते.

आता छाटणीच्या रविवारचं. सकाळी सोसायटीतून फोन आला, झाडाखाली माणसं आलीत, दोर आणि कोयते घेऊन. सुट्टीचा दिवस, कुठलंच ऑफिस उघडं नाही. वन्यजीव कायद्याची कलमं घातलेला अर्ज माझ्याकडे टाइप करून तयार होता, तो घेतला, दुर्बीण घेतली आणि गेले. आवारात अर्धी सोसायटी जमलेली. मी अर्ज वाचायला सुरुवात केली, तर तळमजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्या ओळीलाच मला थांबवलं. त्या मूळच्या गव्हाणच्या. जमिनी गेल्या, पैसे आले, आता सोसायटीत त्यांचे दोन फ्लॅट आहेत आणि आवाज चार फ्लॅटचा.

"तुजा कागद ठेव गो बाजूला. ह्या पाखरांचा वास नाकात बसलाय माज्या. काल कापरं वालत घातली, तर वरशी मासली परली. तीबी अर्धी खाल्लेली. आख्खी टाकली असती तर कालवन तरी केलं असतं."

सगळे हसले. दोर टाकणाराही हसला, पण दोर त्याने टाकलाच. तिसऱ्या मजल्यावरचे एक जण आपली पांढरी गाडी दाखवत होते. ती आता पांढरी म्हणता येत नव्हती, किंवा खरं तर जास्तच पांढरी झाली होती. हे लोक वाईट नव्हते, बाई. त्यांची तक्रार रास्त होती, माझीही रास्त होती, आणि कोयता त्यांच्या बाजूला होता.

सेक्रेटरी म्हणजे चाचा. बरीच वर्षं कुवेतला काढून परतलेले, पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, सोसायटीत त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "बेटा, अर्ज मी वाचतो, कायदा मला मान्य आहे. पण पहिलं बघू तर दे, कोणासाठी एवढं भांडतेस." मी दुर्बीण दिली. त्यांनी ती आधी उलटी धरली. मग सरळ केली. वरच्या फांदीवर एक पूर्ण वाढलेला रातबगळा मान खांद्यात घालून बसला होता, पाठ काळी, पोट पांढरं, एका पायावर. चाचांनी दुर्बिणीचं चाक फिरवलं.

"या अल्ला," ते म्हणाले. "हे तर पेंग्विन."

गाडीवाले म्हणाले, "चाचा, पेंग्विन उडत नाय."

"थंडीतले उडत नाहीत. हे इकडचे आहेत, गरम हवेतले. अरे, मुंबईत लोक तिकीट काढून, रांगा लावून बघतायत, आणि आपल्याकडे फुकट आलेत! काय मॅडम, बरोबर ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अर्ज दुमडण्याच्या निमित्ताने एक गोळी तोंडात टाकली होती. दोर फांदीवर होता. मी म्हणाले, "पाठीचा रंग तसाच असतो." एवढंच. वाक्य बरोबर होतं. मी बोलण्याआधी तपासलं होतं.

पुढचं फार भरभर झालं. दुर्बीण हातोहात फिरली. चाचांनी छाटणीवाल्यांना चहा पाजून, अर्धा रोज देऊन परत पाठवलं आणि गणपती होईपर्यंत झाडाला कोणी हात लावायचा नाही असं जाहीर केलं. गाडीवाल्यांनी गाडीसाठी ताडपत्री आणली. कपडे मागच्या बाजूला वाळायला लागले. चाचांचे कुवेतला व्हिडिओ कॉल होऊ लागले, झाडाकडे कॅमेरा धरून. माझ्या आजवरच्या सगळ्या अर्जांनी मिळून एवढं काम केलेलं नाही.

ऑगस्टमध्ये एकदा मी कारखान्यात असताना काकूंचा फोन आला. "तुजा पेंग्विन परलाय. येतेस का मी घेऊ घरान?" पोहोचले तर पिल्लू एका बादलीत, आणि शेजारी बशीत तीन ओले बोंबील, स्वच्छ करून. पिल्लाने काकूंच्या हाताला चोच मारली होती आणि त्याचं त्यांना कौतुकच वाटत होतं. आम्ही दोघींनी शिडी धरली, वॉचमनने पिल्लू वर ठेवलं. तो खाली उतरून गेल्यावर काकू हात धुता धुता हळू म्हणाल्या, "रातबगलाच ना गो ह्यो? आमच्या खारीत ढिगानं असायचं." मी हो म्हणाले. "मंग तू चाचाला बोलली का नाय?" मी विचारलं, तुम्ही का नाही बोललात? "मी कशाला बोलू? मानूस खूश हाय. रोज सकाली खुर्ची घेऊन बसतो झाराखाली. बायको गेल्यापासून खाली उतरत नवता."

हे मला माहीत नव्हतं.

आता अडचण सांगते. पिल्लं उडाल्यावर चाचांनी पन्नास रुपये भरून शाखेचं सभासदत्व घेतलं. ते दर रविवारी येतात, इस्त्रीच्या शर्टात, आणि प्रश्न विचारतात. आणि त्यांनी स्वतःच्या खर्चाने सोसायटीच्या गेटवर बोर्ड लावायचं ठरवलंय: पेंग्विन वसाहत, खाली आपल्या शाखेचं नाव. तसा बोर्ड लागला तर रस्त्याने जाणारं सगळं पनवेल चाचांना हसेल, आणि खाली नाव आपलं असेल. मी रातबगळा लिहायला लावलं तर सोसायटीच हसेल, तीही त्यांनाच. मग ते पुन्हा वर जाऊन बसतील, आणि पुढच्या जूनमध्ये ताडपत्रीवाले गृहस्थ ताडपत्री घालतील की दोरवाल्याला फोन करतील, ते मला सांगता येत नाही. झाड चाचांच्या शब्दावर उभं आहे आणि तो शब्द चुकीच्या नावावर. माझ्या कामात अशा मापकाला लाल चिठ्ठी लावून बाजूला काढतात.

तुमच्या नियमाप्रमाणे त्यांना स्वतःलाच कळायला हवं. ते कळायच्या जवळ आलेत असं मला वाटतं. मागच्या रविवारी खाडीवर एक रातबगळा बांधावर बसला होता, अगदी तसाच, मान खांद्यात घालून. चाचांनी पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "इथेही आलेत वाटतं," आणि जरा वेळाने, "मॅडम, पेंग्विन किती प्रकारचे असतात?" मी म्हणाले, बघून सांगते. पण त्यांच्या कळण्याला जितका वेळ लागेल तितका बोर्डवाला थांबणार नाही.

काल शाखेच्या बैठकीत हाच विषय होता. सगळ्यांचं बोलून झालं आणि सगळे माझ्या निर्णयाची वाट बघत बसले. मी पेन बंद केलं आणि म्हणाले, "बाईंना विचारून सांगते." तोंडातून निघून गेलं. तिथल्या दोघींनी तर तुम्हाला पाहिलेलंही नाही. पण कोणी हसलं नाही. एकीने वहीत तसंच लिहून घेतलं आणि पुढचा विषय सुरू झाला.

हे पत्र मी टाकणार नाही. कुठे टाकायचं हाही प्रश्न आहे. पण विचारून सांगते असं म्हणाले आहे, तेव्हा विचारते आहे. बोर्डवाला शनिवारी सकाळी येतो. कृपया शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा.