मागाला बांधलेली पावलं

६ फेब्रु.
हे हॉस्पिटलातून येऊन एकवीस दिवस. ह्यांच्या फोनमध्ये फिजिओच्या मॅडमनी ते ॲप घातलंय. चाललेली पावलं मोजतं, संध्याकाळी झेंडूचं फूल दाखवतं. पंधरा दिवस एकही फूल नाही. आज तीन हजार पावलं, नि फूल! मी भोळी, देवापुढं साखर ठेवली.

११ फेब्रु.
सात हजार. मॅडमचा फोन, "काका, तुम्ही सगळ्या पेशंटांत पुढं!" हे मिशीत हसले. नऊला जातात, दहाला येतात. घाम नाही, धाप नाही. शेंगाचटणी मागितली, दिली नाही. मीठ कमी म्हणजे कमी.

१४ फेब्रु.
फोनच्या कव्हरात सुताची पांढरी लव. विचारलं तर म्हणे, "रस्त्यावर लई धूळ हाय." धूळ पांढरी असते होय? तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे, सदरे मीच झटकले की. मला शिकवतात!

१५ फेब्रु.
मागोमाग गेले. गल्लीच्या टोकाला पुतण्याचे माग, तिथंच. हे स्टुलावर बसून चहा पितायत. आणि फोन? मागाच्या पुढंमागं हलणाऱ्या लाकडी पट्टीला सुतानं बांधलेला! गाठसुद्धा पक्की, विणकराची. खटक-खटक माग चालतोय नि ह्यांची पावलं वाढतायत.

टाळकंच फिरलं. "लाज वाटत नाही?" पुतण्यासमोर ओरडले. चुकलंच ते.

संध्या. – जेवले नाहीत. मग आपणच बोलले, "चौकात चालतानाच छातीत कळ आली व्हती. आता दाराबाहेर पाय टाकला की तेच आठवतं. रस्त्यात पडलो तर?" छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांना भ्यालेलं पाहिलं नव्हतं. रडू आलं. आधी सांगायचं की हो.

१६ फेब्रु.
परवा तपासणी. त्या आकड्यांवर मॅडम जिना चढायचा व्यायाम देणार. पंधरा पावलं न चाललेल्या माणसाला जिना! सांगावं तर ह्यांची इज्जत जाते, न सांगावं तर…

केला फोन. मॅडम म्हणाल्या, "मावशी, बरं झालं सांगितलंत. जिना राहू दे. दारापासून पाच मिनिटं, तुम्ही सोबत. तपासणी पुढच्या आठवड्यात." हे माझ्याशी बोलत नाहीत.

१९ फेब्रु.
अबोलाच. ॲपवर तीन दिवस भोपळा. फोन कपाटावर टाकलाय. भाजी कुणासाठी करते मी, देव जाणे.

२० फेब्रु.
सकाळी चप्पल घालून दारात उभे. "चल." एवढंच.

चौकापर्यंत गेलो. तेव्हा कळ आली होती त्या पानटपरीपाशी थांबले. माझं मनगट धरलं, असं की बांगडी रुतली. टपरीवाला म्हणाला, "या मामा, लई दिसांनी!" हे नुसते मान हलवून, "चल घरी."

आलो तर कपाटावर फोन वाजतोय. ॲपचा निरोप, 'काका, आजही तुम्ही एकही पाऊल चालला नाहीत. तब्येत बरी आहे ना?' फोन न्यायचा राहिला होता!

"बसून व्हतो तवा फूल, नि चाललो तर ही बोलणी!" मी पोट धरून हसले. हे नाही हसले. फोन धोतराच्या टोकानं पुसला नि सदऱ्याच्या खिशात घातला.

उद्याचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. चप्पल दारातच आहे.