दुपारवाल्याची मांडणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तेच! कॉम्प्युटर सुरू केला तर स्क्रीनवर सगळा उलटापालटीचा कारभार. लेयर्स, रंग, अक्षरं – सगळ्या पॅनेलांनी उजवीकडून बिऱ्हाड हलवलेलं आणि डावीकडे टूलबारच्या अंगावर येऊन बसलेली. उजवी बाजू रिकामी!

एकोणीस वर्षं या लेबलांच्या छापखान्यात डिझाइन करतेय. माझं लेयर्सचं पॅनेल उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात. झोपेतून उठवलं तरी हात तिथेच जाईल. ही मांडणी मी ‘ताई’ नावाने सेव्ह करून ठेवलीय, कारण इथे सगळे मला ताईच म्हणतात. आता तिच्या खाली आणखी एक नाव – ‘दुपार’. हा महिन्यापूर्वी आलेला दुपारवाला! सात ते दोन मी, दोन ते नऊ तो, आणि कॉम्प्युटर एकच. आधी वर्तमानपत्राची पानं लावायचा, ते बंद पडलं म्हणून इथे आला. फेब्रुवारी संपेपर्यंत मालकांनी त्याला काम कसं करतो ते बघायला ठेवलंय.

परत ‘ताई’ लावली. एका क्लिकचं काम आहे. पण प्रश्न क्लिकचा नाही!

५ फेब्रुवारी

आजही ‘दुपार’. शिवाय खुर्ची खाली केलेली. बसले ती धप्पकन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन वाजता त्याला गाठलाच. म्हटलं, “अहो, जाताना होतं तसं करून जायला काय होतं?”

“ताई, दोन दिवस तशी वापरून तर बघा.”

“एकोणीस वर्षं मी काय झोपा काढत होते?”

“तसं नाही हो...” म्हणाला आणि खाली बघत बसला. उलट बोलणारी माणसं परवडली. ही गप्प बसणारी डोक्यात जातात. वर ढिम्म हलायचं नाही ते नाहीच.

घरी ह्यांना सांगितलं. “एवढंच ना?” म्हणाले. एवढंच! ह्यांच्या कपाटातले शर्ट एकदा इकडचे तिकडे करून बघायला हवेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

डोकं दुखत होतं. मांडणी बदलायचाही कंटाळा आला, राहू दिली त्याचीच. जेवायच्या सुट्टीपर्यंत नऊ लेबलं हातावेगळी झाली! एरवी सहा होताना नाकी नऊ येतात. हल्ली वर्षभर स्क्रीनवरचं काहीतरी हरवतच असतं. आत्ता होतं ते पॅनेल आत्ता नाही. सॉफ्टवेअरच भिकार झालंय.

योगायोग असणार. त्याला अर्थातच सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस नको होता.

खोकल्याच्या औषधाचं नवीन लेबल. जुन्याच फाइलवर केलं – नाव बदललं, रंग बदलला, आतला मजकूर सगळा तपासला. घाईचं होतं म्हणून सकाळीच छपाईची प्लेट बनवायला दिलं. प्लेटवाल्याने हाक मारली, “ताई, हे काय?” उजव्या काठावर जुन्या औषधाचा डोस तसाच. मुलांना पाच मिली द्यायचं, तिथे दहा! छापून बाटल्यांवर गेलं असतं तर?

मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “ताई, तुमच्या हातून?”

आणि मी म्हणाले, “माझ्या फाइलींना दुपारी दुसऱ्याचा हात लागतो.”

खोटं नाही. उघडलेल्या दिसतात, वेळ दिसते. मालक म्हणाले, “बघतो. तसाही त्याचा महिना भरतोय.” मी ‘तसं नका करू’ म्हणाले नाही.

१४ फेब्रुवारी

मालकांनी त्याला सांगितलं. अठ्ठावीस तारीख शेवटची. तो “बरं” म्हणाला म्हणे.

ह्यांनी विचारलं, “त्यानेच केलं, हे कशावरून?” मी ताट आपटलं. ह्यांना नेमका आजच वकील व्हायचं होतं!

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन वाजता पर्स उचलली तर तो समोर. “ताई, रागावणार नसाल तर एक सांगू?”

“आता सांगायचं काय राहिलंय?”

“एकदा डोळे दाखवून या.”

त्याने खणातून कागद काढले. माझ्या लेबलांचे प्रिंट, लाल पेनाने गोल केलेले. महिन्याभरात तेवीस चुका. रोज दुपारी माझ्या फाइली उघडून हा त्या दुरुस्त करत होता! सगळे गोल उजव्या काठाला. डावीकडे एकही नाही.

म्हणाला, “आईचं असंच झालं होतं. दाराला धडकायची, पेले पाडायची. आम्ही तिलाच ओरडायचो, वेंधळी झालीस म्हणून. कळलं तोवर उशीर झाला. तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत होईना. म्हटलं, निदान पॅनेलं तरी दिसतील अशी लावावीत. ते औषधाचं लेबल सकाळीच गेलं, माझ्या हाताला लागलं नाही.”

मी म्हटलं, “माझ्या डोळ्यांचं मी बघेन.” आणि तरातरा निघून आले. गेटाच्या उजव्या खांबाला खांदा लागला. खांब एकोणीस वर्षं तिथेच आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काचबिंदू.

एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. ठिपका चमकला की बटण दाबायचं. एकेका डोळ्याचं वेगळं. मध्येच बराच वेळ ठिपकाच येईना. मी विचारलं, “बंद पडलं का हो?” यंत्रावरची मुलगी म्हणाली, “नाही मावशी, चालू आहे.”

कागदावर उजवीकडे काळं. दोन्ही डोळ्यांचं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी राखायचं. वाचता येईल, कामही जमेल, पण तपासायला दुसरं माणूस हवं. मी विचारलं, मग मला अंधार कसा दिसत नाही? म्हणाले, अंधार दिसत नसतो, फक्त तिथलं दिसत नाही.

परतताना हे माझ्या उजव्या बाजूने चालायला लागले. मला रस्त्यातच रडू आलं.

२१ फेब्रुवारी

मालकांना सांगायचं ठरवून गेले. नाही सांगितलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजही नाही. ‘दुपार’ लावून काम केलं. सगळं समोर, हाताशी. त्याने माझ्यासाठी लावलेलं.

भीती वाटते, दुसरं काय! छप्पन्न वर्षांच्या, अर्धंच दिसणाऱ्या बाईला कोण ठेवून घेणार? या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही. दुपारभर घरात बसून मी करू काय? पण गप्प राहिले तर अठ्ठावीसला तो जाणार, तेही माझ्या चुकीपायी. दोन्हीकडून विचार करते आणि दोन्हीकडून मीच वाईट ठरते.

२५ फेब्रुवारी

त्याला डोळ्यांचं सांगितलं. “थेंब चुकवू नका,” म्हणाला. लेबलाचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज धीर करून त्याला म्हटलं, “उद्या मी मालकांना सगळं सांगते.”

तो हसला. “कशाला ताई? मला दुसरीकडे काम मिळालंय. सोमवारपासून. पगारही बरा आहे. तुम्ही उगाच स्वतःवर ओढवून घेऊ नका.”

इतकं हलकं वाटलं! इतकं, की स्वतःचीच लाज वाटली. “पेढे कुठायत?” असंही विचारलं मी. उद्या निघताना द्यायला त्याच्यासाठी छानसं पेन घेऊन ठेवते. मालकांना डोळ्यांचं सांगेन सावकाश, थेंबांचा गुण आला की.

२८ फेब्रुवारी

सकाळी मालकांच्या केबिनमध्ये सह्या घ्यायला गेले होते. सहज म्हटलं, “बरं झालं, त्यांना दुसरीकडे काम मिळालं.”

मालक म्हणाले, “कुठे? काल रात्रीच तर विचारत होता, ओळखीत काही असेल तर सांगा म्हणून.”

दारापर्यंत आले होते, तिथून परत फिरले. डोळे, तेवीस चुका, लेबल – सगळं सांगितलं, उभ्यानेच. मालक म्हणाले, “दोघांचा पगार कायमचा झेपणार नाही, ताई. सोमवारी कोणी यायचं, ते उद्या फोन करून सांगतो.”

मी म्हटलं, “फोन मला नको. त्यांना करा.”