बांधलेले हात

कोल्हापूर, गुरुवार, डिसेंबर १९७४

जेवण गेलं नाही. हसीनाची मनगटं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

दुपारी शिवाजी पेठेतून सासूबरोबर माझ्या दवाखान्यात आली. सात महिन्यांचं पोर सासूच्या मांडीवर, तिसऱ्यांदा हाड मोडलेलं. हसीना लांब बसलेली, मनगटांवर दोरीचे वळ. घरात मारझोड होते असं धरून मी सासूवरच ओरडले, "हिला कोण बांधतं?"

म्हातारी रडायलाच लागली. "मीच बांधते रोज रातच्याला. तीच म्हणती, अम्मा, बांधा. झोपंत आपणच पोराला मोडतोय असं वाटतंय तिला."

मी पोर तपासलं. पोराच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर, एक्सरेत हाडं कागदासारखी पातळ. जन्मजात आजार. इतकी वर्षं मुलांची हाडं बघते, पण त्यापायी एखादी आई स्वतःला बांधून घेत असेल, हे मनात तरी आलं होतं का?

"तू नाही मोडलंस," मी हसीनाला म्हणाले. "हाडंच कच्ची आहेत. लंगोट बदलतानाही मोडतात."

"म्हंजे पुन्यांदा मोडंल?"

खोटं कसं बोलू? "मोडेल."

हसीना जवळ सरकली. मग म्हणाली, "तर मग कसं उचलायचं त्ये दावा की."

पाठीखाली दोन्ही तळवे कसे घालायचे ते दाखवलं. तिनं श्वास रोखून उचललं. पोर झोपलं तरी खाली ठेवेना. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी कुणालाच आत बोलावलं नाही.