अकराव्या रकान्यातले उत्तर

बोरटोला, ता. गोरेगाव, जि. गोंदिया
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

आदरणीय रीतावहिनी,

ओमेशचा नमस्कार. तुमच्या आईबाबांना नमस्कार सांगा आणि आचलच्या दोन्ही गालांचे पापे घ्या. इकडे आईची तब्येत ठीक आहे, फक्त गुडघे थंडीत कुरकुरतात. उन्हाळी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले.

बातमी पहिली तुम्हालाच देतो. विमा एजंटची परीक्षा मी पास झालो. पन्नासपैकी चव्वेचाळीस. अठरा मिळाले असते तरी चालले असते, पण मला भीती होती म्हणून सगळे पुस्तक तीन वेळा वाचले. परीक्षा कॉम्प्युटरवर होती. मी माउस इतका घट्ट दाबून धरला होता की तिथला माणूस म्हणाला, “भैया, माउस है, चूहा नहीं. भागेगा नहीं.” सगळे हसले. मग मलाही हसू आले आणि पकड सैल झाली.

वहिनी, हे सगळे तुमच्यामुळे. लग्न होऊन आलात तेव्हा तुम्ही माझी जुनी वही पाहिली आणि विचारलेत, “अक्षर एवढं चांगलं, अन् शाळा आठवीत काऊन सोडली?” मी म्हणालो, “बोर होऊन रायलं होतं.” तुम्ही म्हणालात, “बोर होऊन रायलं होतं म्हणे! उद्यापासून म्हशीले चारा टाकता टाकता पाढे म्हणायचे.” मग तुम्हीच सतरा नंबरचा फॉर्म आणून मला बाहेरून दहावीला बसवले. आचल पोटात होती, तरी दुपारी मला बीजगणित शिकवत होतात. गजेंद्रभाऊ गेल्यावर तुम्ही नवेगावला माहेरी राहायला गेलात, पण दर रविवारी फोन करून “कुठवर आलं?” विचारायचे सोडले नाही. दहावी झाली नसती तर या परीक्षेला मला कोणी बसूच दिले नसते.

तुम्ही फोनवर विचारले होते, विम्याचे कोण शिकवतो? मी म्हणालो, गोंदियात एक सर आहेत. नाव सांगितले नाही. ते सर म्हणजे तुमचे केशोमामा.

पत्र फाडू नका. पुढे वाचा.

मला माहीत आहे, मामांनी काढलेल्या भाऊच्या विम्याचा दावा नामंजूर झाला तेव्हापासून तुम्ही मामांच्या दारात पाय ठेवलेला नाही. त्यांच्या दुर्गेश्वरीच्या लग्नालाही गेला नाहीत. तरी मी पुस्तक मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला बसवले, चहा दिला आणि म्हणाले, “रविवारी येत जा.” चार महिने राइस मिलच्या मागच्या त्यांच्या घरी मी जात होतो. ते फार सोपे करून सांगतात. एकदा म्हणाले, “बाबू, विमा म्हणजे काय? गावात एकाचं घर जळलं त दहा घरचे लोक त्याले तांदूळ देतात. तेच. पण घर आधीच पेटलं असन त ते लपवून नाही मांगायचं.” एवढे बोलून ते चष्मा पुसत बसले.

पुस्तकात परम सद्भावाचे प्रकरण आहे. विमा घेणाऱ्याने स्वतःच्या तब्येतीचे जे माहीत आहे ते सगळे खरे सांगायचे, असा त्याचा अर्थ. मामांनी बाकीची सगळी प्रकरणे शिकवली. हे आले तेव्हा म्हणाले, “हे तू घरी वाच. मले शिकवता नाही येत.” तेव्हा मला कळले की त्यांना सगळे माहीत आहे.

आता मी लिहितो. सकाळपासून तीन कागद खराब केले.

लग्न ठरून तुमचे साक्षगंध झाले त्या दिवशी मामा भाऊला म्हणाले होते, “जावईबापू, नवीन संसार मांडून रायले, एक विमा काढून टाका.” लगेच फॉर्म निघाला. माझे अक्षर चांगले म्हणून पेन माझ्या हातात दिला. खाटेवर एका बाजूला मामा, एका बाजूला तुमचे बाबा. मामा एकेक प्रश्न वाचत होते आणि मी लिहीत होतो. अकरावा प्रश्न होता, रक्ताचा काही आजार आहे का, सिकलसेल वगैरे? भाऊने माझ्याकडे पाहिले. आई चहाचे ताट घेऊन दारातच थांबली. तुमचे बाबा सुपारी कातरत होते.

मी ‘नाही’ लिहिले. भाऊने तोंडही उघडले नव्हते. मीच लिहिले.

वहिनी, भाऊला सिकलसेल होता. सरकारी दवाखान्याचे लाल कार्ड होते, लाल म्हणजे आजार असलेला. आईचे आणि माझे पिवळे आहे, म्हणजे आम्ही फक्त वाहक. आमच्याकडे लग्न जुळताना कार्ड कोणी दाखवत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आधी दोन जागी बोलणी मोडली होती. ‘होय’ लिहिले असते तर तुमचे बाबा तिथूनच उठले असते. भाऊचे कार्ड आईने धानाच्या कोठीत तळाला ठेवले. भाऊ मिलच्या कामाच्या नावाने गोंदियाहून गोळ्या आणत होता, पण तुम्हाला दिसतील म्हणून कितीतरी दिवस घेतच नव्हता. हातपाय दुखले की तुम्हाला सांगायचा, वात आहे. तुम्ही तिजा-पोळ्याच्या सणाला माहेरी होतात तेव्हा तो गेला आणि आम्ही सांगितले, कावीळ झाली होती. डोळे पिवळे होते, एवढेच त्यातले खरे.

विम्याला तेव्हा दोन वर्षे सात महिने झाले होते. तीन वर्षांच्या आत असल्याने कंपनीने चौकशी केली आणि दवाखान्याचे कागद सापडले. वारस म्हणून आईचे नाव होते, म्हणून पत्र आईला आले. मी तिला ते तीनदा वाचून दाखवले. ती म्हणाली, “हे बाहेर गेलं त तुह्या भावाची इज्जत जाईन, अन् रीता आपलं तोंड नाही पाहणार. केशोरावनं कागद बिघडवले म्हण.” आणि मी तुमच्या बाबांसमोर तसेच म्हणालो.

नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी मी मामांना विचारले, “मामा, तुम्ही काऊन नाही सांगितलं?” ते म्हणाले, “सांगितलं असतं त माही भाची मेलेल्या नवऱ्याले शिव्या देत बसली असती. मले दिल्या. चाललं.” मामींनी मला दोन वेळा भात वाढला.

एवढेच असते तर मी भित्रा माणूस, कदाचित अजूनही गप्प राहिलो असतो. पण मागच्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात की आचलचे हातपाय सुजतात, थंडीत रडते, डॉक्टर वाढीचे दुखणे म्हणतात, आणि तुम्ही प्रतापगडच्या देवाला नवस बोलून आलात. फोन ठेवल्यावर आई भिंतीला टेकून बसली. म्हणाली, “गजेंद्रचे हात असेच फुगत होते. याच वयात.”

मी तसाच मामांकडे गेलो. ऐकून ते उभेच राहिले. म्हणाले, “मंग आता चूप बसायचं काम नाही. लेकराचा इचार माह्या डोक्यात आलाच नाही रे. मी कायचा मोठा माणूस?”

आचलच्या वेळचे बाळंतपण दुर्गला तुमच्या ताईकडे झाले. तिथे तुमची सिकलसेलची तपासणी झाली होती का, मला माहीत नाही. झाली असेल आणि तुमच्यात काही नसेल, तर आचल फक्त वाहक असेल आणि हे दुखणे दुसरेच असेल. तुम्हीही वाहक असाल तर तिला आजार असू शकतो. पण आता याची औषधे आहेत, फुकट मिळतात आणि रोज घेतली तर मूल शाळेत जाते, खेळते. लपवून घेतलेली औषधे कामाची नाहीत, हे आम्ही पाहिले.

गुरुवारी, २२ तारखेला, मी पहिल्या गाडीने नवेगावला येतो. मामा पण येतो म्हणाले, पण तुम्ही नको म्हणालात तर ते स्टँडवरच थांबतील. आपण आचलला सरकारी दवाखान्यात नेऊ. तिला उपाशी ठेवायची गरज नाही, मी विचारून घेतले. स्वेटर घाला. पाणी भरपूर पाजा. तुमच्या बाबांसमोर मी हे सगळे पुन्हा तोंडाने सांगेन. ते मारतील तर मारू द्या, पण आधी दवाखाना करू.

आईला आज सकाळी सांगितले की मी लिहितो आहे. तिने कोठीत हात घालून भाऊचे कार्ड काढले, पदराने पुसले आणि माझ्यासमोर ठेवले. ते या पाकिटात आहे. डॉक्टरला दाखवायला लागेल. कंपनीच्या पत्राची झेरॉक्सही आहे. तिच्यात मामांचा एका ओळीचाही दोष नाही, वाचून पाहा.

तुम्ही मला शिकवले नसते तर मला ते पुस्तक कळले नसते आणि मी काय केले तेही कळले नसते. याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. माफी मागत नाही. ती आचलचा रिपोर्ट आल्यावर मागेन, तेव्हा द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. गुरुवारी फक्त तिला माझ्या कडेवर द्या.

आचलचा काका,
ओमेश